रिटर्न कोणीही भरो, सही आपलीच असते

दरवर्षी जून-जुलै आला की परभणी जिल्ह्यात दोन घाया एकदम सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी रिटर्नची. बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांपासून तहसीलसमोरच्या सेवा केंद्रांपर्यंत सगळीकडे "इन्कम टॅक्स रिटर्न भरून मिळेल" अशा पाट्या लागतात. शिक्षक, पोलीस, विद्यापीठातले कर्मचारी, बँकेतले कारकून, किराणा आणि कापड दुकानदार, ट्रकमालक, ठेकेदार असे सगळे फॉर्म १६ नाहीतर बँकेचे पासबुक घेऊन रांगेत उभे राहतात. पगारदारांसाठी साधारणपणे ३१ जुलै ही मुदत असते. ती जवळ आली की प्रश्न एकच ऐकू येतो: "रिफंड किती निघेल?"

माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यानेच आपली अनेक माणसे अडचणीत आणली आहेत. विचारायचे ते वेगळेच, की माझ्या नावावर हा माणूस सरकारला नेमके काय लिहून देणार आहे?

माझे एक खालू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. निवृत्तीला चार वर्षे राहिलेली, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवलेला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला मोबाइल दाखवला. "बेटा, ये देख, क्या आया है." प्राप्तिकर विभागाचा संदेश होता. तुमच्या रिटर्नमधील वजावटींची खात्री करून घ्या, चूक असेल तर दुरुस्त करा, असा. खालूंना वाटले फसवणुकीचा मेसेज असेल. आम्ही पोर्टल उघडायला बसलो तर पासवर्ड त्यांच्याकडे नव्हता. खात्यातला ई-मेल त्यांचा नव्हता. तो रिटर्न भरणाऱ्याने बनवलेला होता आणि तो आता चालतही नव्हता. खटपट करून खाते परत ताब्यात घेतले, जुने रिटर्न उघडले, तेव्हा दिसले की खालूंनी दोन वर्षे दरवर्षी दीड लाख रुपयांची देणगी एका राजकीय पक्षाला दिली आहे. त्या पक्षाचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते.

हिशेब सोपा आहे. जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात दीड लाखाची खोटी वजावट दाखवली की ३० हजार कर आणि त्यावरचा ४ टक्के उपकर, म्हणजे ३१,२०० रुपये वाचतात. दोन वर्षांचे ६२,४०० रुपये रिफंड म्हणून आले. भरणाऱ्याने दहा टक्के घेतले, म्हणजे ६,२४०. खालूंच्या हाती राहिले ५६,१६०. ते पैसे मुलीच्या लग्नात गेले. पुढे अद्ययावत रिटर्न भरून चूक सुधारली तेव्हा ते ६२,४०० तर परत द्यावे लागलेच, शिवाय एका वर्षासाठी २५ टक्के आणि त्याआधीच्या वर्षासाठी ५० टक्के जादा कर लागला. तो २३,४०० रुपये. एकूण ८५,८००, व्याज आणि नव्या सीएची फी वेगळी. ज्याने हे लिहिले त्याने मात्र काहीच परत दिले नाही. फोन लागेना आणि दुकानाची पाटी बदलली होती.

याहून मोठी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. सरकारी सेवेतल्या माणसाला वर्तणूक नियमांनुसार राजकीय पक्षाला पैशाची मदत करता येत नाही. खालूंनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्यांच्याच सहीने सरकारदरबारी नोंदवली गेली होती.

हे एकट्या खालूंचे दुर्दैव नव्हते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभर १५० ठिकाणी तपासणी मोहीम काढली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे रिटर्न भरणारे आणि मध्यस्थ हे तिचे लक्ष्य होते. त्याआधीच्या झडत्यांमध्ये ज्या राज्यांतून पुरावे मिळाल्याचे विभागाने सांगितले त्यात महाराष्ट्र होता. त्याच वेळी विभागाने जाहीर केले की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपले रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले आहेत. हे मध्यस्थ कमिशनवर काम करतात, तात्पुरते ई-मेल बनवून ढिगाने रिटर्न भरतात, मग ते ई-मेल सोडून देतात आणि विभागाच्या नोटिसा कुणी वाचतच नाही, असेही त्या निवेदनात होते. वाचताना मला खालूंचेच रिटर्न समोर दिसत होते. अडकलेल्यांमध्ये सरकारी संस्था आणि शिक्षणसंस्थांमधले कर्मचारीही होते. म्हणजे शिकलेली, पगारदार, हिशेबी माणसे.

शिकलेली माणसे का फसतात? याचे उत्तर कटू आहे. अर्धे फसतात आणि अर्धे डोळे मिटून घेतात. स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगतो, "माझा तीस हजार निघाला." दुसऱ्याला वाटते, माझा का नाही? मग सगळी शाळा त्याच माणसाकडे जाते. पगार सारखा, कपात सारखी, मग याला जादा पैसे कुठून आले, हे कुणी विचारत नाही. खालूंनीही विचारले नव्हते. ते आता प्रामाणिकपणे मान्य करतात: "पूछना चाहिए था, नहीं पूछा."

कायदा मात्र हे ऐकून घेत नाही. रिटर्नच्या शेवटी एक प्रतिज्ञापन असते. दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, असे त्यात लिहिलेले असते. आधारचा ओटीपी सांगितला की ती आपली सही झाली. "मला ठाऊक नव्हते, त्याने भरले" ही सबब तिथे चालत नाही. उत्पन्न चुकीचे दाखवले असे ठरले तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. म्हणजे ३१,२०० साठी ६२,४०० दंड, आणि मूळ कर व व्याज वेगळे. गंभीर प्रकरणात खटलाही होऊ शकतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले. सहीची जबाबदारी बदललेली नाही.

मग विश्वासाचा माणूस ओळखायचा कसा?

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाला "सीए साहेब" म्हणायची पद्धत आहे. सीए म्हणजे १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा सभासद. त्याला सभासद क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सीएने दिलेल्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असतो, तोही घरबसल्या तपासता येतो. "कर सल्लागार" किंवा "टॅक्स कन्सल्टंट" ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. दुसऱ्याचे रिटर्न भरून देण्यासाठी आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही. याचा अर्थ पाटीवाले सगळे लबाड, असा मुळीच नाही. वीस-वीस वर्षे चोख काम करणारे करसल्लागार आणि वकील आपल्या जिल्ह्यात आहेत. तसेच नावापुढे सीए आहे म्हणून माणूस आपोआप प्रामाणिक ठरत नाही. म्हणून पाटी वाचून थांबू नका. काही गोष्टी स्वतः विचारा आणि पाहा.

फी कशी घेतो? ही पहिली खूण. कामाचे ठरलेले पैसे घेणारा एक आणि रिफंडवर टक्केवारी घेणारा दुसरा. टक्केवारीवाल्याचा फायदा तुमचा रिफंड फुगवण्यात आहे. सीएला तर कामाच्या निकालावर अवलंबून असलेली फी घ्यायला त्यांच्या संस्थेच्या नियमांत सर्वसाधारणपणे मनाई आहे. "आधी काही देऊ नका, रिफंड आल्यावर दहा टक्के" असे कुणी म्हणाला की नमस्कार करून उठावे.

कागद मागतो का? चांगला माणूस त्रास देतो. फॉर्म १६ मागतो, बँकेच्या व्याजाचे विचारतो, विम्याची पावती, घरभाड्याचा करार, कर्जाचा दाखला मागतो. पोर्टलवरचे २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण उघडून तुमच्यासमोर ताळा घेतो. जो म्हणतो "कागदाची काही गरज नाही, मी बसवतो", तो तुमच्या नावावर काय बसवणार, याचा विचार करा.

शेतीबद्दल विचारतो का? ही आपल्या जिल्ह्यासाठी खास परीक्षा आहे. परभणी, पाथरी, सेलू, गंगाखेड कुठेही जा, नोकरदाराच्या सातबाऱ्यावर थोडी तरी जमीन असतेच. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण ते रिटर्नमध्ये दाखवावे लागते. ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर सर्वात सोपा आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही आणि इतर उत्पन्नावरचा कर मोजताना ते हिशेबात धरले जाते. तुम्हीच विचारा: "माझ्या कापूस-सोयाबीनचे कुठे दाखवणार?" जो म्हणेल "ते सोडून द्या", त्याला एक तर काम येत नाही, नाहीतर करायचे नाही. उलट दुकानाची कमाई शेतीच्या नावावर टाकून देणारेही आहेत. तेही तितकेच खोटे.

खाते कुणाच्या ताब्यात? पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल तुमचाच हवा. पासवर्ड तुमच्याकडे हवा. ओटीपी सांगण्याआधी भरलेला फॉर्म पडद्यावर दाखवा म्हणावे आणि तीन आकडे स्वतः वाचावेत: एकूण उत्पन्न, एकूण वजावट, रिफंड किंवा कर. वजावटीच्या प्रत्येक ओळीसमोर आपल्याकडे कागद आहे का, एवढेच पाहायचे. त्याला कायद्याचे शिक्षण लागत नाही.

पैसे कुठे जातात? कर रोखीने भरणाऱ्याच्या हातात देऊ नये. आपल्या पॅनवर, आपल्या खात्यातून, पोर्टलवर भरावा आणि चलन जपून ठेवावे. जीएसटी भरणाऱ्या दुकानदारांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावे. महिन्याचे पैसे विश्वासाने हातात दिले आणि भरलेच गेले नाहीत, तर नोंदणी रद्द होते ती दुकानदाराची आणि थकबाकीही त्याच्याच नावावर चढते.

शेवटी काय देतो? पोच, पूर्ण फॉर्मची प्रत आणि उत्पन्नाच्या हिशेबाचा कागद या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी झाली नाही तर ते वेळेत भरले असे धरत नाहीत, म्हणून तेही विचारावे. आणि कुणी "तुमच्यावर नोटीस निघाली आहे, मी मिटवतो" असे सांगून घाबरवले तर नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक पाहावा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर तो असतो आणि पोर्टलवर लॉगिन न करताही त्याची खात्री करता येते.

आणखी एका खोट्याबद्दल फार कमी बोलले जाते, कारण त्यात रिफंड नसतो. ते म्हणजे कर्जासाठी उत्पन्न फुगवणे. बँकेला तीन वर्षांचे रिटर्न हवे असतात, म्हणून "फाईल बनवून" देणारे लोक गाडीवाल्याचे, फळवाल्याचे उत्पन्न दुप्पट-तिप्पट दाखवतात. कर शून्यच राहतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण तेच रिटर्न उद्या मुलीच्या शिष्यवृत्तीला किंवा नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याला आडवे येते. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर एक आकडा आणि रिटर्नमध्ये दुसरा. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे आणि घरात कुणी आयकर भरणारा नसावा, अशीही अट आहे. बँकेसमोर श्रीमंत आणि तहसीलसमोर गरीब असे एकाच वर्षी होता येत नाही, कारण आता दोन्ही कागद एकाच पॅन-आधारला जोडलेले आहेत.

यावर लोक म्हणतात, "सीएची फी परवडत नाही. आम्ही काय करायचे?" प्रश्न खरा आहे. पण त्यातले दोन भाग वेगळे करू. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर, आणि पगारदारांना प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंत, कर लागत नाही. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना आता कुठलीही करामत करायची गरजच उरलेली नाही. फक्त पगार आणि बँकेचे व्याज असेल तर पोर्टलवर बरीचशी माहिती आधीच भरून येते. घरातला बी.कॉम. करणारा मुलगा किंवा मुलगी एका संध्याकाळी ते करू शकते. आणि ज्यांचा टीडीएस खरोखर जास्त कापला गेला आहे, त्या ठेकेदाराने, त्या गाडीमालकाने आपला रिफंड जरूर घ्यावा. तो हक्काचा पैसा आहे. रिफंड घेणे ही लबाडी नाही, खोटे लिहून घेणे ही लबाडी आहे.

दुसरा भाग आपल्या सगळ्यांचा आहे. आपण जमात म्हणून, मोहल्ला म्हणून काय करतो? लग्नाचा हॉल मिळतो, वाचनालयाची खोली मिळते, मशिदीच्या बाजूचा हॉलही मिळतो. जुलैतले दोन रविवार तिथे एक सीए आणि वाणिज्य शाखेची चार मुले बसवली, ठरलेली माफक फी भिंतीवर लावली, तर शेकडो साधी रिटर्न नीट भरली जातील. पुस्तक-वह्यांचे वाटप आपण करतोच, तसेच हेही काम आहे. त्यातून मुलांना शिकायला मिळेल ते वेगळेच.

आणि एक गोष्ट आपल्या संस्थांना सांगितली पाहिजे. देणगीची खोटी पावती देणे बंद करा. चेक घेऊन रोख परत करायची आणि मधले कमिशन संस्थेसाठी ठेवायचे, त्याला "सवाबचे काम" म्हणायचे, असे प्रकार सर्व समाजांत होतात, आपल्यातही होतात. ८०जी ची नोंदणी असलेल्या संस्थेला आता प्रत्येक देणगीदाराचे विवरण विभागाकडे द्यावे लागते. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायासाठीच काढलेल्या संस्थेला ८०जी चा लाभ सर्वसाधारणपणे मिळत नाही. गरजू माणसाला थेट दिलेल्या जकातीवरही वजावट नाही. हे ठाऊक नसल्यामुळे चंद्याची साधी पावती वजावटीत लावणारे कितीतरी आहेत. उद्या चौकशी झाली तर अडकेल ती शाळा, तो मदरसा, ते वसतिगृह. वर्षानुवर्षे कष्टाने उभी केलेली संस्था चार जणांच्या कराच्या बचतीसाठी का पणाला लावायची?

रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना आपण पै न् पै मोजतो. सोने तोलतो, उधारी लिहितो, शंका आली तर जाणकाराला विचारतो. तिथे "बसवून द्या" असे कुणी म्हणत नाही. आपले पॅन, आधार आणि सही ही आपण दुसऱ्याच्या हाती दिलेली अमानत आहे. ती कुणाच्या हाती द्यायची, याचीही तेवढीच चौकशी व्हायला हवी.

ज्यांच्या जुन्या रिटर्नमध्ये असे काही निघाले असेल त्यांनी घाबरू नये आणि लपवूही नये. अद्ययावत रिटर्न भरण्याची मुदत आता ४८ महिन्यांची आहे, पण उशीर होईल तसा जादा कर २५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो. नोटीस येऊन प्रकरण उघडले की ही वाट आणखी अरुंद आणि महाग होते. म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर आपले प्राप्तिकराचे खाते उघडा. त्यात मोबाइल नंबर कुणाचा आहे, ई-मेल कुणाचा आहे आणि मागच्या रिटर्नमध्ये वजावटीच्या रकान्यांत काय लिहिले आहे, एवढेच पाहा. खाते उघडता आले नाही, तर उद्या सकाळी पहिले काम तेच.